मोठ्या कंपनीची जबाबदारी उद्यमबागेतल्या फाउंड्रीपर्यंत पोहोचते का?

अनगोळहून (चर्चेची सुरुवात)

माझ्या वडिलांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सव्वीस वर्षे फेटलिंगचे काम केले. तिथली कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, एका मोठ्या जागतिक इंजिनीअरिंग कंपनीच्या पंपांत बसत असत. साचा फोडल्यावर कास्टिंगला चिकटून राहिलेली वाळू छिन्नीने आणि ग्राइंडरने साफ करायची, हे ते काम. संध्याकाळी आई त्यांना उंबऱ्याबाहेरच शर्ट झटकायला लावायची, तरीही तो शर्ट भिजवला की बादलीच्या तळाशी करड्या पुडीचा थर बसायचा. तीच पूड छातीतही साठत होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. दोन वेळा क्षयाची औषधे घेऊन झाल्यावर सिलिकोसिस हा शब्द घरात पहिल्यांदा आला. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसाला पडलेले व्रण भरून येत नाहीत.

त्याच कंपनीने आमच्या भागातील एका शाळेला संगणक दिले आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले. मुलांना संगणक मिळाले याचा मला आनंदच आहे. परंतु सामाजिक जबाबदारीचा हिशेब नफा वाटण्याच्या वेळी सुरू होतो, हे मला मान्य नाही. ज्या जागेवर तो नफा तयार होतो, त्या जागेपासून तो सुरू व्हायला हवा, मग ती जागा कंपनीच्या स्वतःच्या आवारात असो वा नसो.

उद्यमबागेतील फाउंड्रीचालक

आपल्या वडिलांविषयी वाचून मनापासून वाईट वाटले. माझ्याकडे चाळीस माणसे कामाला आहेत, त्यामुळे हा विषय माझ्याही जवळचा आहे. तरीही आपले म्हणणे मला पटत नाही. हजेरीपुस्तक माझे, भट्टी माझी, आणि १९४८च्या कारखाना अधिनियमाने सिलिकोसिस झाल्यास कळवणे बंधनकारक केले तेही इथल्या लोकांवरच. दोष परदेशातील मुख्यालयाच्या दारात नेऊन ठेवला, की इथला मालक आणि इथला कारखाना निरीक्षक दोघेही मोकळे होतात.

शिवाय या कंपन्या आम्हा पुरवठादारांकडे येऊन जे ऑडिट करतात, ते कसे चालते ते आम्हाला विचारा. प्रत्येक ग्राहकाची प्रश्नावली वेगळी असते, ती भरायलाच एक माणूस लागतो, आणि ज्या बैठकीत डस्ट कलेक्टर (धूळ ओढून घेणारे यंत्र) बसवा असे सांगितले जाते, त्याच बैठकीत किलोमागचा दर खाली आणा असेही सांगितले जाते. यंत्र घेण्याचा खर्च एकदाचा, पण त्याचे वीजबिल दर महिन्याचे. दर परवडला नाही, तर ऑर्डर कोल्हापूरला किंवा कोइमतूरला जाते.

टिळकवाडीतील लेखापाल

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत. कंपनी अधिनियम २०१३च्या कलम १३५नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम त्यात धरता येत नाही. म्हणून पुरवठादाराकडील धुळीचा प्रश्न या निधीतून सुटेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा मात्र नेमका या प्रश्नाला हात घालतो. २०२३पासून ३,००० किंवा त्याहून अधिक आणि २०२४पासून १,००० किंवा त्याहून अधिक कर्मचारी तिथे असलेल्या कंपन्यांना तो लागू झाला. थेट पुरवठादाराकडील कामाच्या धोक्यांची तपासणी करण्याचे बंधन त्यात आहे. त्यापलीकडच्या पुरवठादाराकडे पाहावे लागते ते गैरप्रकाराची ठोस माहिती मिळाल्यावरच. आपल्याकडील कितीतरी लहान फाउंड्र्या जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्या कारखान्याने दिलेल्या कामावर, चालतात, आणि त्या नेमक्या या दुसऱ्या पायरीवर येतात.

मूळचा खानापूरचा, सध्या पुण्यात

कायद्याचा बडगा असल्याशिवाय काही हलत नाही, हे माझे मत. १९९९पर्यंत जर्मनीत परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच करपात्र उत्पन्नातून वजासुद्धा करता येत होती. पुढे २००८मध्ये सीमेन्स या जर्मन कंपनीने लाचखोरीच्या प्रकरणात अमेरिका आणि जर्मनीत मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरले, आणि त्या प्रकरणामुळे त्यांची अंतर्गत तपासणी यंत्रणा नव्याने उभी राहिली. धुळीसाठी तसा दंड कोणाला बसला आहे?

अनगोळहून

निरीक्षकाविषयी फाउंड्रीचालक साहेबांचे म्हणणे मी मान्य करतो. तो मुद्दा माझ्या लिहिण्यात यायला हवा होता.

ऑडिटविषयी मात्र वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट नोंदवतो. पाहुणे येणार त्या सकाळी जमिनीवर पाणी मारले जाई, नवे मास्क वाटले जात आणि संध्याकाळी ते मोजून परत घेतले जात. कंत्राटी कामगारांना त्या दिवशी सुट्टी असे. तपासणाऱ्याने एकदा जरी न सांगता येऊन नॉकआउटजवळ, म्हणजे साचे फोडतात तिथे, दहा मिनिटे उभे राहून पाहिले असते, तर त्याला प्रश्नावलीची गरज पडली नसती.

साहेब, आपल्या दरपत्रकात वाळू, वीज, मजुरी यांचे रकाने असतात. पुढच्या वेळी डस्ट कलेक्टरचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून पाठवाल का? कंपनीने ती ओळ कापली, तर ती कोणी कापली हे निदान लेखी राहील.

उद्यमबागेतील फाउंड्रीचालक

लिहून पाठवीन, शब्द देतो. पण त्या ओळीपायी ऑर्डर गेली, तर माझ्या चाळीस माणसांचे काय, याचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.