मदत हवी आहे: आण्णांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं की कानाच्या?

कृष्णाकाठ:
कृपया लवकर सांगा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची शुक्रवारची तारीख मिळाली आहे. आण्णा (वय ७१) ताटातलं अर्धंच जेवतात. चटणी, कोशिंबीर जशीच्या तशी, वरून आईला म्हणतात, नुसती भाजीच केलीस का. हाक मारली तर कधी ओ देतात, कधी ढिम्म. नवा चष्मा केला, फरक शून्य. आईला वाटतं मुद्दाम करतात, ती रडकुंडीला आली आहे. डोळे आधी की कान? कऱ्हाड-सांगलीकडचं सुचवा.

निवांत५८:
मोतीबिंदू पिकला असेल तर उशीर नको. माझ्या दोन्ही डोळ्यांचं झालंय. नंतरचे थेंब मात्र नेटाने घाला. दोन वेगळ्या औषधांमध्ये ५ मिनिटं जाऊ द्या, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका.

तुळस:
कानात मळ असणार. लसूण घालून कडवलेलं तेल कोमट करून दोन थेंब सोडा. आमच्या आजीपासून चालत आलंय.

रात्रपाळी:
तेल नको. पडद्याला भोक असेल तर महागात पडेल. मी न्यूरो वॉर्डला सिस्टर आहे, १४ वर्षं. कृष्णाकाठ, हे कधीपासून? एकदम सुरू झालं का? बीपी, शुगर आहे? ताटात रोज तेच पदार्थ राहतात का? चटणी-कोशिंबीर आपण ताटाच्या डावीकडे वाढतो, म्हणून विचारते. हाकेला ओ देत नाहीत तेव्हा हाक मारणारा कुठल्या बाजूला असतो?

तुळस:
भोक असेल तर कान वाहील की. उगाच घाबरवू नका लोकांना.

रात्रपाळी:
सुकं भोकही असतं ताई, वाहत नाही म्हणून कळत नाही. दुर्बिणीने बघितल्याशिवाय कानात काही घालू नये.

कृष्णाकाठ:
बीपी आहे. दीड महिन्यापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, डावा हात-पाय. पण आता काठी धरून चालतात, म्हणून लिहिलं नाही. त्याचा काय संबंध? आईची खुर्ची त्यांच्या डावीकडेच असते. आणि हो, दाढी उजव्या गालाचीच करतात, डावीकडे दाराच्या चौकटीला दोनदा धडकले. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर चुकलाय.

रात्रपाळी:
संबंध तोच आहे. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला की डावा हात-पाय जातो, आणि पुष्कळ रुग्णांचं डावीकडचं लक्षही जातं. डोळा चांगला असतो, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. दोन्ही कानांचा आवाज मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोचतो, त्यामुळे असल्या झटक्याने एक कान ठार बहिरा सहसा होत नाही. मळ असेल तर तो वेगळा विषय, ५ मिनिटांत बघून होतो.
घरी एवढं करा. कोऱ्या कागदावर आडवी लांब रेघ ओढा आणि मध्यावर खूण करायला सांगा. मग एकेक डोळा झाकून काय दिसतं ते विचारा. दोन्ही डोळ्यांना डावीकडचंच दिसत नसेल तर दोष डोळ्यात नाही. आईंना सांगा, ते मुद्दाम करत नाहीत. त्यांच्यापुरती ती कोशिंबीर ताटात नसतेच.

सह्याद्रीकन्या:
माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच होतं. पाणी, मोबाइल, चष्मा, सगळं आम्ही डावीकडे ठेवायला लागलो. तुम्हीही डावीकडूनच बोला, तिकडे वळायला भाग पाडा.

रात्रपाळी:
सगळं नको. बेल, पाण्याचा तांब्या आणि रात्रीचं भांडं उजवीकडेच हवं. डावीकडे वाकताना माणूस पडतो. बोलायला, भरवायला डावीकडून जा, पण आधी समोर उभं राहून नजर मिळवा.

सह्याद्रीकन्या:
आमच्या फिजिओने सगळं डावीकडे सांगितलं होतं आणि दोन महिन्यांत फरक पडला.

रात्रपाळी:
सासरे एकटे उठत होते का? आण्णा काठीने चालतात, चौकटीला धडकतात. म्हणून सांगते.

निवांत५८:
ऑपरेशनआधी रक्त पातळ करायची गोळी ५ दिवस बंद करावी लागते, विसरू नका.

रात्रपाळी:
कृपया असं सांगू नका. दीड महिन्यापूर्वीच झटका आलाय. ती गोळी ज्यांनी सुरू केली त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. कृष्णाकाठ, डोळ्यांच्या डॉक्टरांना झटक्याचं सांगितलंय ना?

कृष्णाकाठ:
नव्हतं सांगितलं. आज फोन केला, तारीख पुढे ढकलली, आधी न्यूरोच्या डॉक्टरांकडे बोलावलंय. रेघेची खूण पार उजव्या टोकाजवळ केली.

रात्रपाळी:
बरं केलंत. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा, घास घेताना म्हणा, आधी लाल पट्टी शोधा. डावा हात टेबलावर, डोळ्यांसमोर राहू दे. झोपताना तो अंगाखाली जात नाही ना बघा, त्यांना कळणार नाही. उठवताना त्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. जेवण झालं की डाव्या गालात घास राहिलाय का ते बोटाने नाही, चमच्याने आणि बॅटरीने बघा. खाताना ठसका लागतो का?

कृष्णाकाठ:
पाणी पिताना लागतो कधीकधी. त्याचंही काही असतं का? लाल पट्टी मिळाली नाही, म्हणून आईने आज अर्धं जेवण झाल्यावर ताटच फिरवलं. आण्णा म्हणाले, कोशिंबीर आत्ता वाढलीस होय.