शब्दचर्चा: बंदुकीचं परीक्षण मराठीत लिहिताना 'ट्रिगर', 'ग्रुप' आणि 'रिकॉइल'चं काय करायचं?

छर्रा:
आमच्या क्लबात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी दोन-तीन एअर रायफलींचं परीक्षण मराठीत लिहायचं काम गळ्यात पडलंय. नळी, दस्ता, छर्रे इथपर्यंत गाडी सुरळीत चालली, पुढे रुतली. ट्रिगरला चाप म्हणू की घोडा? रिकॉइलला, म्हणजे उडवताना बंदूक देते त्या धक्क्याला, काय? आणि खरी पंचाईत 'अ‍ॅक्युरसी'ची. 'अचूकता चांगली आहे' असं लिहिलं, तर कोचबाई म्हणाल्या, "कुणाची? बंदुकीची की पोराची?" कृपा करून संस्कृत शब्द पाडू नका, वाचणारी मुलं आठवी-नववीतली आहेत.

मोडीवाचक:
चाप आणि घोडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यात पर्याय नाही. बोटाने ओढायचा तो चाप. मागे ताणलेला असतो आणि चाप ओढला की पुढे आपटतो तो घोडा. ठासणीच्या बंदुकीत तो बाहेरच दिसतो, नळीच्या बुडाशी लावलेल्या केपेवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीवर, आदळतो. तुमच्या स्प्रिंगच्या एअर रायफलीत घोडा नसतोच. आत दट्ट्या असतो, स्प्रिंग सुटली की तो हवा दाबतो आणि हवा छर्रा ढकलते. तेव्हा 'घोडा ओढला' हे वाक्य तिच्या बाबतीत साफ चूक. हा घोळ हिंदीतल्या 'घोडा दबाना'मुळे आपल्या बातम्यांत आलाय. मुंबईच्या टपोरी बोलीत तर अख्खं पिस्तूलच घोडा.

जाता जाता: हत्यारांची नावं बघा, बहुतेक बाहेरून आलेली. बंदूक अरबी 'बुंदुक'वरून, मूळ अर्थ हेझलनट, मग तेवढी गोळी, मग ती गोळी उडवणारं हत्यार. तोफ तुर्की. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून. दारू फारसी, तिकडे तिचा अर्थ औषध. पण सुटे भाग पाहा: नळी, चाप, घोडा, माशी, कान. सगळे घरचे. (दस्ता फारसी, तो अपवाद सोडा.) माल परका असला तरी दुरुस्ती गावातच व्हायची, त्यामुळे भागांना नावं आपल्या कारागिरांनी दिली असावीत, असं मला वाटतं.

छर्रा:
माशी म्हणजे?

मोडीवाचक:
नेम धरायला नळीच्या तोंडाशी जो बारीक उंचवटा असतो तो. फ्रंट साइट. लांबून नळीवर माशी बसल्यागत दिसतो म्हणून माशी.

रानवाट:
आमच्या कोकणात अजून शेतराखणीच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका घराघरांत आहेत, त्यामुळे हे शब्द आम्हाला पुस्तकात शोधावे लागत नाहीत. दारू ओतायची, वर चिंध्या, गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंध्या. उडवली की 'बार'. 'बार काढला', 'बार लागला', 'बार फुकट गेला'. डबल बॅरलला सुद्धा आमच्याकडे डबल बारच म्हणतात, आता तो बार बॅरलचा की आवाजाचा हे ज्याने त्याने ठरवावं.

आणि 'रेंज'साठी दोन शब्द आहेत, ते एकमेकांत मिसळू नका. पल्ला म्हणजे गोळी जाते कुठवर. टप्पा म्हणजे जिथवर मारलं तर लागेल याची खात्री. डुक्कर पल्ल्यात असतं तेव्हा कुणी बार टाकत नाही, टप्प्यात यायची वाट बघतात. पुढारी उगाच नाही म्हणत, 'टप्प्यात आला की कार्यक्रम'! परीक्षण लिहिताय ना, मग कंपनीने खोक्यावर छापलेला तो पल्ला आणि तुम्ही स्वतः मारून पाहिलेला तो टप्पा.

रेंजवाली:
रानवाट, हे झकास. 'छर्रा', हा फरक तुमच्या लेखात आलाच पाहिजे.

आता अचूकतेकडे येते, कारण कोचबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. यात दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. जत्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीचं उदाहरण घ्या. माशी वाकडी, त्यामुळे लाल फुग्यावर धरलं की छर्रा शेजारच्या निळ्यापाशी जातो. सगळे म्हणतात बंदूक खोटी. पण तिनेच एका ठिपक्यावर नेम न हलवता पाच छर्रे मारा. पाचही जर निळ्यापाशी रुपयाएवढ्या जागेत बसले, तर बंदूक खरी, फक्त माशी खोटी. माशी सरळ केली की काम झालं. उलट छर्रे चार दिशांना विखुरले, तर कितीही स्क्रू फिरवा, उपयोग शून्य. परीक्षणात मोजायची ती ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट, म्हणजे साइट जुळवणं, ज्याची त्याने करायची असते. त्याला नेमबाजीच्या मैदानावर 'झिरो करणे' म्हणतात, मराठीत 'नेम बसवणे' सहज चालेल.

एकाच नेमाने मारलेले छर्रे मिळून जो ठिपक्यांचा घोळका होतो तो 'ग्रुप'. त्यासाठी मी गट, पुंजका, झुपका सगळे घोळवून पाहिले. गट म्हटलं की पंचायत समिती आठवते. झुपका दिसायला बरोबर आहे, पण "झुपका आठ मिलिमीटर" असं कुठलाही खेळाडू बोलणार नाही. ग्रुप ठेवा. नाम इंग्रजी असू दे, क्रियापद मराठी येऊ दे: छर्रे एका जागी बसतात, विखुरतात, वर चढतात, डावीकडे ओढतात.

मोडीवाचक:
अचूकतेऐवजी 'नेम' वापरावा अशी माझी सूचना. नेम मुळात नियमच. 'पावसाचा नेम नाही', 'त्याचा काही नेम नाही' यात नेम म्हणजे खात्री, तेच तेच पुन्हा घडणं. नेमका शब्दही तिथलाच. मग 'ही बंदूक नेमाची आहे' म्हटलं की तुमचा ग्रुप त्यात आपोआप आला.

रेंजवाली:
व्युत्पत्ती मान्य, पण आठवीतल्या मुलाला नेम म्हणजे एकच गोष्ट कळते: डोळा बारीक करून रोखणं. नेमबाज हा शब्द रोज पेपरात येतो. 'नेमाची बंदूक' वाचून तो म्हणेल, म्हणजे नेम मला धरायला नको का?

कोल्हापूरकर:
पेपराचा विषय निघालाच आहे तर माझीही तक्रार ऐका. १ ऑगस्ट २०२४ ला आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य घेतलं. गावोगावी मिरवणुका, पानभर बातम्या. पण त्याचा प्रकार, 'थ्री पोझिशन', म्हणजे काय हे फार थोड्यांनी मराठीत सांगितलं. गुडघा टेकून, पालथं पडून आणि उभं राहून. संपलं! पालथं पडण्याला 'प्रोन' लिहायची काय गरज होती राव? तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद घेतलं तेही पालथं पडून, ५० मीटरवर.

छर्रा:
सगळ्यांचे आभार. वरचं सगळं धरून एक परिच्छेद पाडलाय, फाडून खा:

"नवी बंदूक पहिले काही बार धूर काढते. आतलं तेल दाबाने पेटतं, वेग कमी-जास्त होतो, म्हणून त्या छर्ऱ्यांवरून मत बनवू नये. आम्ही दहा मीटरवर टेकू देऊन पाच-पाच छर्ऱ्यांचे ग्रुप मारले. छर्रे चपट्या तोंडाचे, ४.५ मिमी. चाप दोन टप्प्यांचा आहे: आधी सैल येतो, मग अडतो, तिथून थोडा जोर लावला की सुटतो. मात्र अडल्यानंतरही किंचित सरकतो. रिकॉइल दुहेरी आहे."

रेंजवाली:
चांगलं झालंय. तीन गोष्टी. टेकू बंदुकीला लाकडाचा किंवा टेबलाचा थेट देऊ नका, स्प्रिंगची बंदूक उसळते आणि ग्रुप फुटतो. मऊ पिशवीवर तळहात आणि तळहातावर बंदूक सैल, असं धरलं असेल तर तसं लिहा. दुसरं, ग्रुप मोजला कसा तेही सांगा: सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, त्यातून एका छर्ऱ्याचे ४.५ मिमी वजा. हे न सांगता नुसता आकडा दिला तर दोन परीक्षणांची तुलनाच करता येत नाही. तिसरं, 'दुहेरी रिकॉइल' काढून टाका. 'आधी मागे धक्का देते, मग दट्ट्या आपटला की पुढे' असं लिहा, कळतं.

रानवाट:
धक्का कसला, आमची बारा बोअर लाथच मारते. बाकी बारा बोअरमधले बारा म्हणजे मिलिमीटर नव्हेत हं, हे मुलांना सांगा. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते, वीस बोअर बारापेक्षा लहान.

आणि चाप दोन 'टप्प्यांचा' लिहिलात तर माझ्या टप्प्याशी टक्कर होते. दोन ओढींचा म्हणा.

छर्रा:
दोन ओढींचा! घेतलं. शेवटचं एकच विचारतो. एअर रायफलीत हा प्रश्न येत नाही, पण मोठी मुलं पुढे .२२ च्या काडतुसाच्या रायफलीवर जातात त्यांच्यासाठी हवंय: चाप ओढूनही बार उडत नाही, त्या मिसफायरला काय म्हणायचं?

मोडीवाचक:
फुसका बार. आणि चाप ओढूनही आवाज उशिरा आला तर त्यासाठी जुना शब्द नाही, पण त्याचा भाऊबंद आहे. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या, बंदुकीत कानाजवळ, म्हणजे नळीच्या बुडाच्या बारीक भोकापाशी, रंजक घालायचे, म्हणजे बारीक दारू. कधी नुसती रंजकच भक्कन उडायची आणि आतला बार तसाच. 'रंजक उडाली, बार नाही.'

रेंजवाली:
शब्द कुठलाही वापरा, त्याखाली हे ठळक छापा: चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवायची, निदान तीस सेकंद थांबायचं, मगच काडतूस काढायचं. तोंड वळवून "सर, उडत नाहीये" म्हणत बंदूक घेऊन मागे फिरणारी मुलं दर बॅचला असतात.