४०२ चा गिझर आणि पेव्हरखालचा खड्डा

*४०२ वहिनी:* जळगावात कुणाच्या ओळखीत चांगला वायरमन आहे का? गिझर किंवा इस्त्री लावली की आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पडतो. पंखे-लाइटला काही नाही. काल एक जण येऊन गेला, म्हणे आरसीसीबी काढूनच टाका, कटकट मिटेल.

*३०१ अण्णा:* काढू नका हो! डीबीचं (घरातल्या स्विचच्या पेटीचं) झाकण उघडलेला फोटो टाका. मेन बंद करून, आणि बोटं आत न घालता.

*४०२ वहिनी:* 📷

*३०१ अण्णा:* न्यूट्रलच्या पट्टीवरून अर्थिंगच्या पट्टीवर वायरचा तुकडा कुणी टाकला?

*४०२ वहिनी:* आमच्या ह्यांनी टाकून घेतला. यूट्यूबवर बघितलं 🤦‍♀️

*२०४ दादा:* त्यात काय चुकलं? अमेरिकेत मुलाच्या घरी मी स्वतः बघितलंय, दोन्ही वायरी एकाच पट्टीवर.

*३०१ अण्णा:* दादा, तिथेही ती जोड मेन स्विचपाशी एकदाच. पुढच्या पॅनलमध्ये दोन्ही वेगळ्या. आपल्याकडे ती जोड डीपीवर, बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी होते, ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथेच जमिनीत उतरवलेला असतो. घरात परत जोडायचं नाही.
आरसीसीबी फक्त हिशोब बघतो. फेजने गेला तेवढा करंट न्यूट्रलने परत आला का? ३० मिलिअँपियरची तूट दिसली की पडतो. या तुकड्यामुळे थोडा करंट अर्थिंगच्या हिरव्या वायरने पळतोय. गिझर नऊएक अँपियर ओढतो, म्हणून तूट तेव्हाच दिसते. तो बिचारा बरोबर चुगली करतोय आणि तुम्ही त्यालाच काढायला निघालात.

*२०४ दादा:* पण काढला असता तरी चाललंच असतं ना?

*३०१ अण्णा:* चाललं असतं, वादळात न्यूट्रल तुटेपर्यंत. मग चालू बल्बमधून आलेला फेज या तुकड्यावरून थेट फ्रीजच्या पत्र्यावर आणि गिझरच्या टाकीवर.

*१०२ आबा:* आमना वावरमा एक फेज नि जमीनमा ठोकेल गज, त्यावरच बल्ब. काहीच व्हयनं नही.

*३०१ अण्णा:* आबा, त्या गजाभोवतीच्या ओल्या जमिनीत व्होल्टेज असतं. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्याला आपल्याआधी लागतं.

*१०२ आबा:* हौ. सर्जा तठे जाये नही.

*३०१ अण्णा:* 🙏 त्याला कळत होतं.
सेक्रेटरी साहेब, आपला अर्थिंगचा खड्डा, हिरवी वायर जमिनीत उतरते तो, कुठे आहे? पाणी कधी टाकलं होतं?

*सेक्रेटरी:* पार्किंगमध्ये होता.

*३०१ अण्णा:* होता?

*सेक्रेटरी:* पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा झाकला गेला बहुतेक. मी तेव्हा कमिटीत नव्हतो, हे नोंदवून ठेवा.

*३०१ अण्णा:* म्हणजे दोन उन्हाळे थेंब नाही. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पाइपला सोडून देते. खड्ड्याचा रोध (करंटला होणारा अडथळा) १० ओहम धरा, चांगलाच म्हणायचा. गिझरची फेज पत्र्याला लागली तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपियर. ३२ अँपियरचा एमसीबी (जास्त करंट गेला तरच पडणारा स्विच) जागचा हलत नाही. कोरडा पडून ५० ओहम झाला तर साडेचारच अँपियर, तेवढा तर इस्त्रीसुद्धा ओढते. तिथे फक्त आरसीसीबीच वाचवतो. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी तो बसवा, मग सोफा बदला.

*२०३ ताई:* नळाला पाणी तीन दिवसांआड येतंय, खड्ड्याला कुठून आणायचं?

*३०१ अण्णा:* आरओचं वाया जाणारं ओता. रोज दोन बादल्या तरी निघतील.

*४०२ वहिनी:* अण्णांनी येऊन तुकडा काढला. गिझर वीस मिनिटं चालला, एकदाही पडला नाही. वर अण्णांनी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं, तेव्हा मात्र लगेच पडला. महिन्यातून एकदा दाबायचं म्हणे. आमचे यूट्यूबवाले सध्या गप्प आहेत 😄

*सेक्रेटरी:* रविवारी सकाळी ८ वाजता पेव्हर उचलणार. १०३ ने स्कूटी हलवावी, खड्डा नेमका तिच्या खाली आहे.

*१०३:* आणि लावू कुठे? दोन वर्षांपूर्वी ती जागा मला कमिटीनेच दिलीय, पावती आहे माझ्याकडे.