मैफल संपल्यावर आपण कोण?

तंबोऱ्यामागची:
नवरा गायक, बऱ्यापैकी नावाजलेला. थंडीत मैफलींचा हंगाम, तेव्हा घरी पाहुण्यासारखा येतो. परवा ग्रीनरूमबाहेर एका बाईंनी माझ्या हातात थर्मास दिला, "बुवांना आत पोचवाल का?" पोचवला. अहो, मीही विशारद आहे! लग्नानंतर माझा तंबोरा खोळीत गेला तो गेलाच. अशा घरात स्वतःचं काही टिकवलेलं कुणी आहे का इथे?

खर्जप्रेमी:
अन्नपूर्णादेवी आठवल्या. १९४१मध्ये रविशंकरांशी लग्न. स्वतः सूरबहार (सतारीसारखंच, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) वाजवायच्या, पण पुढे जाहीर वादन थांबवलं ते कायमचं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून मात्र हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर यांच्यासारख्या बासरीवादकांना शिकवलं. २०१८मध्ये गेल्या. लोक लगेच 'त्याग' म्हणतात, मला तो शब्दच खटकतो. शिकवणं हे काय उरलंसुरलं काम आहे?

ठेका_घरचा:
आमचे हे तबलजी. त्यांचा रियाज म्हणजे माझ्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून! शेवटी भांडून सकाळी ६ ते ७ हा तास मागून घेतला. त्या वेळात चहा ते करतात. फिक्का होतो, पण पिते. तुम्हीही आधी वेळ मागा, कौतुक नंतर.

तंबोऱ्यामागची:
काल खोळ काढली. दोन तारा गंजल्यात, जवारी (तारेचा गुंजता नाद) पार गेलीय, भोपळ्यावर बोटभर धूळ. यांनी विचारलं, "कुणाचा गं हा?" काय बोलणार! मिरजेला दुरुस्तीला पाठवतेय. नेहमीच्या टेम्पोने पाठवावा की स्वतः घेऊन जावं?