एमआयडीसीच्या ओढ्याखालच्या विहिरी: कॉलेजच्या मुलांनी सुरुवात कुठून करायची?

ओढाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) गटात १४ जण आहोत, बहुतेक याच पंचक्रोशीतले. एमआयडीसीतून येणारा ओढा तीन वाड्यांच्या विहिरींजवळून जातो. पहिल्या पावसात, आणि एरवी रात्री, पाणी तांबूस होतं आणि उग्र वास सुटतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) आहे, ८,००० रुपये जमले आहेत. कोणत्या चाचण्या कराव्यात? तक्रार कुठे? एका कारखान्याच्या विस्तारासाठी जनसुनावणी होणार असं कानावर आलंय, तिथे काय करता येईल?

प्रयोगवही
टीडीएस मीटरवर भिस्त ठेवू नका. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिला ०.५ किंवा ०.७ अशा ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. शिसं, क्रोमियम, सॉल्व्हंट यांतलं काही त्याला कळत नाही. मीटर ३०० दाखवत असलं तरी पाणी विषारी असू शकतं. मात्र कोणत्या विहिरीचा आकडा कोणत्या दिवशी अचानक चढला, हे त्यावरून नक्की समजतं. म्हणून वाहकताच नोंदवा आणि दर आठवड्याला १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात मीटर बुडवून तोही आकडा वहीत लिहा. नाहीतर तीन महिन्यांनी पाणी बदललं की मीटर बिघडलं, हे सांगता येणार नाही.

औद्योगिक वसाहतीच्या वरच्या अंगाची, म्हणजे ओढ्याचं पाणी न पोचणारी, निदान एक विहीर यादीत हवीच. ती नसेल तर "इथला खडकच तसा" या एका वाक्यात सगळी मेहनत उडवली जाते. बादलीने वरवरचं पाणी घेऊ नका. बाटलीला वजन बांधून पाण्याखाली हातभर सोडा. हातपंप असेल तर आधी पाच मिनिटं उपसा.

८,००० रुपयांत सगळ्या विहिरींच्या सगळ्या चाचण्या होणार नाहीत. सगळीकडे पीएच, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट आणि सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते) करा. धातूंची तपासणी दोनच ठिकाणी: सर्वांत वाईट विहीर आणि वरची विहीर. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून बाटल्या आधीच मागून घ्या. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आणि सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालून देतात. त्या विसळल्या की आम्ल जातं आणि नमुना वाया. बीओडी (जिवाणूंना तीच घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो ते) करायची झाली तर तिच्या बाटलीत आम्ल चालत नाही, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, म्हणजे गुरुवारी दिलेल्या नमुन्याचं वाचन रविवारी येतं. लॅब कोणत्या वारी नमुने घेते ते आधी फोन करून विचारा.

आणि कृपा करून कुणी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये वाकून पाहू नका. तिथला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं हवा मोकळी झाली. ओढ्यातही उतरायचं नाही, मोरीवरून दोरीने बाटली सोडा.

पोचपावती
वर सांगितलेलं सगळं करा, पण एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्या. कारखान्याच्या सांडपाण्याचा तुम्ही घेतलेला नमुना कोर्टात पुरावा धरला जात नाही. १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील करून घ्यावा लागतो. तेव्हा मंडळाचा माणूस योग्य वेळी योग्य मोरीवर उभा राहील, यासाठी तुमची वही हवी. "रात्री घाण पाणी सोडतात" एवढ्यावर कुणी हलत नाही. तारीख, वेळ, मोरीची जागा, वाहकता आणि वेळ-ठिकाण छापलेला फोटो अशा १५-२० नोंदी असल्या की पाणी कोणत्या वेळी सुटतं ते दिसतं. त्या मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

पिण्याच्या विहिरींचा मार्ग वेगळा आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने घेतलेला नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जातो आणि सरकारी नोंदीत येतो. तो अहवाल तुमच्या खाजगी अहवालापेक्षा जास्त कामाचा, आणि त्यावर तुमचे पैसेही वाचतात.

माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. "कारवाई का केली नाही?" असं विचारलंत तर हात हलवत परत याल. कागद मागा: मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र, भेट अहवाल, नमुना विश्लेषण अहवाल. कारखाना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत नमुना पाच (फॉर्म ५) मध्ये पर्यावरण विवरण देतो, तेही मागा. संमतीपत्रात रोज किती घनमीटर सांडपाण्याला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ते विवरणाशी ताडून पाहा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

पत्रव्यवहारात एक धोका असतो. हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाच्या दाव्यांचं न्यायालय, आपल्याकडे पुणे खंडपीठ) त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली जायला कारण घडल्यापासून सहा महिनेच मिळतात, सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. भरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं आहेत. पहिल्या नोंदीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

ओढाकाठ
खूप आभार. ग्रामपंचायत टाळाटाळ करतेय. आणि बऱ्याच जणांचे वडील, काका त्याच कारखान्यांत कंत्राटी कामाला आहेत, घरून विरोध होतोय.

वाडीवरून
घरून होणारा विरोध रास्त आहे, तो बाजूला सारू नका. कंत्राटी माणसाला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवता येतं. ज्यांच्या घरचं कुणी तिथे कामाला आहे त्यांनी वही आणि नकाशे सांभाळावेत. अर्जावर सही, फोटो, बातमी यांत त्यांचं नाव नको. मागणीही "कारखाना बंद करा" अशी ठेवू नका. संमतीपत्रातल्या अटी पाळा आणि वाड्यांना टँकरने पाणी द्या, या मागणीवर कामगारही सही करतात.

पंचायतीसाठी महिला ग्रामसभेपासून सुरुवात करा. पाणी भरणाऱ्या बाया तिथे बोलतात. विषय आधी लेखी द्या म्हणजे विषयपत्रिकेवर येतो. ठराव झाला की जलसुरक्षकाला टाळता येत नाही. पाणी तपासायच्या संचाचं प्रशिक्षण घेतलेल्या महिला बहुतेक गावांत आहेत, त्यांना गाठा. तुम्ही परीक्षेला बसलात की नोंदी त्याच चालू ठेवतील, म्हणून मूळ वही वाडीत राहू दे, तुमच्याकडे फोटोप्रत.

जनसुनावणीचं आधी परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीच्या अर्जांचं सरकारी संकेतस्थळ) पाहा. १४ सप्टेंबर २००६ पूर्वी अधिसूचित झालेल्या औद्योगिक वसाहतींतल्या प्रकल्पांना बहुतेकदा त्यातून सूट असते. तसं असेल तर मंजुरीचा अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या बैठकीची विषयपत्रिका तिथेच लागते, बैठकीआधी लेखी हरकत पाठवा. सुनावणी असेल तर ३० दिवस आधी जाहिरात येते आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, पंचायतीत ठेवावा लागतो. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालात आधी विहिरींची यादी उघडा: तुमच्या तीन वाड्या आहेत का, नमुने कोणत्या महिन्यांतले आहेत? एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स एकच हरकत म्हणून निघतात. प्रत्येकाने आपली विहीर, आपलं शेत आपल्या अक्षरात लिहावं. सुनावणीला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे बहिष्कार घातलात तरी ती "झाली" असंच लिहिलं जातं. शेवटी इतिवृत्त मराठीत सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं. नेमकी त्याच वेळी एसटी पकडायला माणसं उठतात. तोवर दहा जण तरी बसवून ठेवा आणि सुटलेला मुद्दा तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावा.