जुन्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवावं का?

पानजुळणी (धागाकर्ती)
आमच्या घरीच डीटीपीचं काम चालतं. मशीन सहाव्या पिढीचं आय-५, रॅम ८ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणजे आमचं मशीन बाद. धडधाकट मशीन भंगारात घालायला जीव होईना. पण विंडोज सोडताही येत नाही. पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तरी गिऱ्हाईक अजून त्यातलीच फाइल घेऊन दारात उभं: "ताई, थोरलीच्या लग्नातली पत्रिका आहे, नुसती नावं बदला." मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटातला, युनिकोड नाही. तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

म्हणून डिस्कचे दोन भाग केले. एकीकडे विंडोज १०, त्याचं नेट कायमचं बंद. दुसरीकडे लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम: बँक, मेल, मुलाचा अभ्यास सगळं तिकडे. तीन महिने छान चाललंय. माझं स्पष्ट मत आहे की जुनं मशीन असलेल्या प्रत्येक घराने हेच करावं.

एकच_पुरे
प्रत्येक घराने नको, ताई. घरचा कॉम्प्युटर एकट्याचा नसतो. आमच्याकडेही दोन्ही होतं. मशीन लावलं की विंडोज की लिनक्स असा मेनू येतो; वडील चष्मा शोधेपर्यंत त्याचे दहा सेकंद संपायचे आणि भलतंच सुरू व्हायचं. मग "बिघडला" म्हणून थेट बटण बंद.

दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धी अवस्था डिस्कवर ठेवून झोपतं. मग लिनक्समधून तो भाग वाचता येतो, पण त्यात लिहिता येत नाही. मुलीचा प्रोजेक्ट सेव्ह होईना, रात्रीचे अकरा वाजलेले, ती रडकुंडीला आलेली. शेवटी वैतागून मी लिनक्सचा भाग उडवला, तर तो मेनू दाखवणारा ग्रब मागे राहिला आणि सकाळी काळ्या स्क्रीनवर नुसतं "ग्रब रेस्क्यू". ऑगस्ट २०२४ मध्ये तर एका विंडोज अपडेटनंतर कित्येकांचं लिनक्स सुरूच होत नव्हतं. हे निस्तरायला घरात जाणता माणूस लागतो.

सह्यकडा
मशीनवर मिंट एकटंच ठेवा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्याच एका खिडकीत, विंडोज चालवा. मेनू नाही, ग्रबचं भांडण नाही. काही बिघडलं तर आधी जपून ठेवलेल्या अवस्थेवरून (स्नॅपशॉट) पाच मिनिटांत पूर्ववत. सॉफ्टवेअरच्या परवान्याचं यूएसबी लॉकही आत देता येतं.

पानजुळणी
करून पाहिलं, दादा. आठातली चार जीबी आत दिली. पत्रिकेपुरतं ठीक होतं, पण फ्लेक्सचं काम उघडलं की माउस हलवला तरी बाण मागून येतो. तुमची रॅम १६ असेल तर तुमचं बरोबर आहे.

@एकच_पुरे, फास्ट स्टार्टअप मी पहिल्याच दिवशी बंद केलं. नेटच नाही म्हटल्यावर अपडेट येऊन काही मोडण्याचा प्रश्न नाही.

एकच_पुरे
नेट नाही, पण गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह? तुमच्या विंडोज १० ला आता नवे सुरक्षा पॅच मिळत नाहीत, आणि पेनड्राइव्ह थेट तिथेच लागतो.

किल्ली_आणि_घड्याळ
ताई, विंडोजमधलं घड्याळ बघा. मदरबोर्डवर घड्याळ एकच. लिनक्स त्यात सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ धरतं. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा, म्हणजे सकाळी दहाला विंडोजमध्ये पहाटेचे साडेचार. नेट असतं तर विंडोजने वेळ जुळवून घेतली असती. तुमच्याकडे ती तशीच राहणार.

पानजुळणी
आत्ता उघडून पाहिलं, खरंच साडेपाच तास मागे! काल दोन प्रूफांमध्ये नंतरचं कोणतं, यावरून आमचा घोळ झाला, तो यामुळेच.

पेनड्राइव्हचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. "प्रत्येक घराने" हे शब्द मागे घेते. यापुढे पेनड्राइव्ह आधी मिंटमध्ये लावीन आणि हवी तेवढीच फाइल विंडोजच्या भागात टाकीन. पण दोन्ही ठेवणारच. आमचं पोट त्या जुन्या फाइलींवर आहे.

किल्ली_आणि_घड्याळ
मिंटच्या टर्मिनलमध्ये "timedatectl set-local-rtc 1" ही आज्ञा द्या. मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा तपासा. प्रूफाच्या नावातच तारीख आणि क्रमांक घालत चला.

एकच_पुरे
आणि त्या पत्रिकांच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आजच काढा, ताई. दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर आहेत.