टेकडीवरच्या खोदाईचा गाळ आमच्या वाहनतळात : परवानगी देताना मातीचा विचार कोणी करते का?

पायथ्याचा_रहिवासी

नमस्कार. आमची गृहनिर्माण संस्था शहराच्या कडेला, एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. गेली अठरा वर्षे टेकडीवरून उतरणारे पावसाचे पाणी आमच्या मागच्या भिंतीलगतच्या ओढ्यातून वाहून जात असे आणि त्याचा आम्हाला कधी त्रास झाला नाही. यंदा मार्चमध्ये वरच्या उतारावर एका मोठ्या गृहप्रकल्पासाठी खोदाई सुरू झाली. मे संपेपर्यंत दोन पोकलेनांनी उताराचा निम्मा भाग उघडा केला आणि निघालेल्या मुरमाचे ढीग ओढ्याच्या काठावरच रचले गेले.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाऊण तासाच्या आत ओढ्याचे पाणी विटकरी झाले, रस्त्याखालची मोरी तुंबली आणि पाणी उलटे फिरून आमच्या वाहनतळात शिरले. दुसऱ्या दिवशी आम्ही फावडी घेऊन गाळ काढायला उतरलो, तेव्हा वर पापुद्र्यासारखा सुकलेला थर होता आणि त्याखाली साबणासारखा बुळबुळीत, बोटांच्या रेषांत बसलेला जवळजवळ वीतभर चिखल. तोच चिखल जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतही गेला. टाकी दोनदा धुऊनही आठवडाभर नळाला गढूळ पाणी येत होते.

आम्ही लेखी तक्रार केली. एका कार्यालयाने सांगितले की खोदाईची परवानगी आहे आणि स्वामित्वधन (सरकारची रॉयल्टी) भरलेले आहे, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने काम नियमाप्रमाणे चालू आहे. दुसऱ्याने सांगितले की पाण्याचा निचरा हा आपला विषयच नाही. माझा प्रश्न असा आहे की, खोदलेल्या जमिनीवरची माती पावसाबरोबर शेजाऱ्याकडे किंवा ओढ्यात जाऊ नये, अशी अट आपल्याकडच्या कोणत्याही परवानगीत असते का? नसेल, तर ती जिथे असते तिथे तिची अंमलबजावणी नेमकी कशी होते?

साइट_अभियंता

मी बावीस वर्षे बांधकामाच्या साइटवर काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवावरून देतो. आपल्याकडे मातीचा हिशेब ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि २०१३ चे गौण खनिज नियम यांच्या दृष्टीने मुरूम हे खनिज आहे, आणि ते किती निघाले, किती बाहेर गेले, त्यावर स्वामित्वधन भरले की नाही, एवढेच पाहिले जाते. विनापरवाना उत्खनन आढळले, तर संहितेच्या कलम ४८(७) खाली खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तलाठी पंचनामा करतो, खड्डा मोजला जातो. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाया खोदून निघालेली माती त्याच भूखंडावर भरावासाठी वापरली, तर केवळ खोदली म्हणून स्वामित्वधन आकारता येणार नाही, असा निकाल दिला. तो वादही शेवटी महसुलाचाच होता. डंपरमधून गेलेला मुरूम कायद्याला दिसतो; पावसाच्या पाण्यातून गेलेला तोच मुरूम त्याला दिसत नाही, कारण त्यावर पावती फाटत नाही.

बांधकाम नियमावलीत पाण्याचा विचार आहे, हे मान्य केले पाहिजे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे आणि पावसाळी गटारांचा आराखडा द्यावा लागतो. परंतु या गोष्टी तपासल्या जातात त्या भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी, म्हणजे इमारत उभी राहून फरश्या बसल्यानंतर. खोदाई सुरू झाल्यापासून तोपर्यंत दोन-तीन पावसाळे जातात आणि सगळा गाळ त्याच काळात वाहतो. माझ्या मते नियमांतील खरी पोकळी इथेच आहे.

तुमच्या वरच्या प्रकल्पाचे बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याला पर्यावरण मंजुरी लागते. ते मंजुरीपत्र केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर पाहता येते. वरचा सुपीक थर वेगळा साठवणे, निघालेली माती शेजारच्या वस्तीला त्रास होणार नाही अशा ठिकाणी ठेवणे, अशा अटी त्यात सहसा असतात आणि त्यांच्या पूर्ततेचा अहवाल विकासकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. ते पत्र आधी मिळवा.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. मोठा पाऊस थांबला की खोदलेल्या खड्ड्यात पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी पंप लावून ते गढूळ पाणी थेट नाल्यात सोडले जाते. पाऊस नसतानाही ओढा लाल दिसत असेल, तर कारण बहुतेक हेच असते.

एडिसनकर

मी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो आणि जमीन विकसनाचे नकाशे मंजुरीसाठी सादर करणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

इथे १९७५ चा मृदा धूप व गाळ नियंत्रण कायदा आहे. त्याचे मोजमाप ब्रासमध्ये नसून उघड्या पडणाऱ्या क्षेत्रफळात आहे. ५,००० चौरस फुटांपेक्षा, म्हणजे साधारण ४६५ चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन उकरली जाणार असेल, तर मृदसंधारण जिल्हा नावाच्या स्थानिक संस्थेकडून धूप नियंत्रणाचा आराखडा प्रमाणित करून घ्यावा लागतो. मोठ्या वसाहतीचा भाग नसलेल्या एकट्या घराला यातून सूट आहे. प्रमाणपत्र असल्याशिवाय नगरपालिका बांधकाम परवाना देत नाही आणि काम झाल्यावर त्याच संस्थेचा पूर्तता अहवाल असल्याशिवाय भोगवटा मिळत नाही. कायद्याची सगळी ताकद या दोन दारांत आहे. दिवसाला ३,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे, परंतु मोठ्या विकासकाला तो दंड फार जड जात नाही. घरे विकली गेली आहेत, कर्जे मंजूर झाली आहेत आणि भोगवटा अडला आहे, ही स्थिती मात्र कोणालाच परवडत नाही.

आराखड्यात कामाचा क्रम लिहावा लागतो : आधी काय बसवायचे, कोणता भाग केव्हा उघडायचा, केव्हा झाकायचा. साइटच्या तोंडाशी किमान ५० फूट लांबीचा जाड खडीचा पट्टा लागतो, म्हणजे ट्रकच्या चाकांचा चिखल तिथेच झडतो. जो भाग चौदा दिवसांहून अधिक काळ तसाच राहणार आहे, त्यावर गवताचे बी पेरून पेंढा पसरावा लागतो. उताराच्या खालच्या कडेला गाळ अडवणारे कापड उभे करतात आणि त्याची खालची किनार सहा इंच चरात गाडतात. निरीक्षक आला की तो पहिल्यांदा हे कापड पायाने उचलून पाहतो. ते सहज उचलले गेले, तर पाणी खालून निघून जाते आणि वरची सगळी मांडणी निरुपयोगी ठरते.

याच्या वर संघीय पातळीवर १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा आहे, ज्याखाली एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरणाऱ्या बांधकामाला पावसाळी पाण्याचा परवाना लागतो. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या परवान्यात गाळ बसवण्याच्या तळ्याचे एक माप दिलेले आहे : पाणलोटाच्या प्रत्येक एकरामागे ३,६०० घनफूट. आपल्या हिशेबाने ३६ ब्रासचा खड्डा. हे माप मराठी साइटवर कोणालाही चटकन समजेल, म्हणून मुद्दाम सांगितले.

इथे सगळे आदर्श आहे, असा माझा दावा नाही. फाटलेली कापडे आणि तुडुंब भरूनही न उपसलेली तळी मी इथेही पाहिली आहेत. तरीही, माझ्या उतारावरची माती माझ्याच हद्दीत राहिली पाहिजे, ही जबाबदारी इथे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर कोणाच्या तरी नावाने लिहिलेली असते.

निवृत्त_मृदसंधारण

एडिसनकरांनी ज्या मृदसंधारण जिल्ह्यांचा उल्लेख केला, त्यांचा उगम शेतीत आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील शेतजमिनी वाऱ्याने उडू लागल्या, तेव्हा १९३५ मध्ये तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला आणि १९३७ पासून राज्याराज्यांत हे स्थानिक जिल्हे उभे राहिले. पुढे शहरे शेतांवर पसरली, तेव्हा त्याच संस्थांवर बांधकामाच्या मातीचे काम सोपवले गेले.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आपल्याकडेही सुरुवात जवळपास त्याच काळात झाली होती. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ मध्ये सुरू झाले आणि १९४२ मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला, ज्याच्या आधारे गावोगावी समपातळी बांध घातले गेले. माझी अख्खी नोकरी त्या परंपरेत गेली. एका शेतकऱ्याच्या रानातले पाणी दुसऱ्याच्या रानात माती घेऊन उतरू नये, हे तत्त्व आपण ऐंशी वर्षांपूर्वी मान्य केले. परंतु तीच जमीन बिगरशेती झाली की आमच्या खात्याचा तिच्याशी संबंध संपतो आणि नगररचनेकडे ते ज्ञान पोहोचत नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण ही विद्या आपल्याला बाहेरून आणायची नाही, ती तालुक्याच्या कार्यालयात आजही आहे.

कापडाबद्दल मात्र मी थोडे वेगळे मत मांडेन. आपला पाऊस तासाभरात कोसळतो आणि टेकडीचा उतार तीव्र असतो, त्यामुळे केवळ खालच्या कडेला कापड लावले, तर पहिल्याच सरीत ते आडवे होईल. पाणलोटाचे काम माथा ते पायथा करायचे असते. खोदाईच्या वरच्या बाजूला आडवा चर काढून माथ्यावरचे स्वच्छ पाणी बाजूने सुरक्षितपणे ओढ्यात न्यावे, म्हणजे ते उघड्या मुरमावरून वाहतच नाही आणि निम्मे काम तिथेच होते. त्यानंतर उतारावर टप्प्याटप्प्याने दगडी बांध, आणि सर्वांत खाली गाळाचा खड्डा. मुरमातील वाळू त्या खड्ड्यात काही मिनिटांत बसते, पण तुम्ही म्हणता तो साबणासारखा चिकण भाग खाली बसायला कित्येक दिवस लागतात. म्हणून माती सुटूच न देणे, म्हणजे उतार उघडा न ठेवणे, याला पर्याय नाही. जून २०१३ मध्ये जुन्या कात्रज बोगद्याजवळ, शिंदेवाडीत, फोडलेल्या टेकडीवरून लोंढा आला आणि माय-लेकी वाहून गेल्या. त्या दिवसापासून पाण्याची वाट बदलणाऱ्या कोणत्याही खोदाईकडे मी निव्वळ चिखलाचा प्रश्न म्हणून पाहू शकत नाही.

ओढ्याच्या काठावरचे ढीग आधी हलवायला लावा. बाकी सगळे त्यानंतर.

पायथ्याचा_रहिवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. साइट_अभियंता यांनी म्हटल्याप्रमाणे काल सकाळी कोरड्या हवेतही ओढा लाल होता आणि वरून पंपाचा आवाज येत होता. मंजुरीपत्र मिळाले, मातीच्या ढिगांबद्दलची अट त्यात आहे. पण ती अट मोडली, तर कोणाचे दार ठोठवायचे?

वकील_भूमिकन्या

तुमच्या प्रकरणात तीन मार्ग आहेत. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा, १९७४ चे कलम २४ केवळ विषारी द्रव्यांपुरते नाही. प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण वाढेल असा कोणताही पदार्थ जाणूनबुजून ओढ्यात जाऊ देण्यासही ते मनाई करते. मोरी तुंबवणारा गाळ त्यात बसतो, असे माझे मत आहे. त्यामुळे मंजुरीपत्राच्या प्रतीसह तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा. दुसरा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ चा, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३३ चा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, आणि पावसाळा चालू असताना हाच मार्ग सर्वांत लवकर फळ देतो. तिसरा मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. टाकी, मोरी आणि वाहनतळ यांच्या नुकसानभरपाईसाठी तिथे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो, परंतु काम थांबवण्यासारख्या मागणीची मुदत सहा महिन्यांची आहे आणि ती वादाचे कारण प्रथम घडल्या दिवसापासून मोजतात. तुमच्या बाबतीत विरोधी पक्ष ती मार्चपासून मोजण्याचा प्रयत्न करील, हे लक्षात ठेवा.

पुरावा मात्र आजपासून गोळा करा. खोदाईच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, एकाच दिवशी, पाठोपाठ ओढ्याचे पाणी पारदर्शक बाटल्यांत भरा, दिनांक आणि वेळ लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि भरतानाची छायाचित्रे काढा. माझ्या अनुभवात शेजारीशेजारी ठेवलेल्या अशा दोन बाटल्यांनी दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम केले आहे.

पायथ्याचा_रहिवासी

वरची बाटली आज सकाळी सात वाजता भरली, खालची सात वाजून वीस मिनिटांनी. वरच्या बाटलीतून मागचे वर्तमानपत्र वाचता येते. खालच्या बाटलीत संध्याकाळी तळाशी दोन बोटे गाळ बसला आहे आणि वरचे पाणी अजून लालच आहे. सोमवारी दोन्ही बाटल्या घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज देत आहोत. काय होते ते इथेच लिहीन.